अर्धी राहिलेली शिवण

दादा गेल्यानंतर सोळाव्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या टेबलाशी बसले. टेबलावर नऊ पुस्तके एकावर एक रचलेली होती आणि प्रत्येकातून कागदाची एक चिठ्ठी डोकावत होती. चिठ्ठीवर पुस्तकाच्या मालकाचे नाव होते, आणि त्याखाली दादाच्या बारीक, किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात कामाचा तपशील होता: 'कणा सुटला आहे', 'पहिला फर्मा पुन्हा शिवणे', 'जुना पुठ्ठा टाकू नये, आतल्या बाजूला त्यांच्या आईची सही आहे'. पुस्तकबांधणी हा त्याचा पेशा नव्हता. निवृत्तीनंतर त्याने ती हौसेने शिकून घेतली होती, आणि चर्चच्या मंडळीतल्या लोकांची वर्षानुवर्षे हाताळून खिळखिळी झालेली शास्त्रे, म्हणजे बायबलच्या प्रती, व गीतांची पुस्तके घरी आणून तो ती उसवी, पुन्हा शिवी आणि ज्याची त्याला परत करी. सर्वांत वरच्या पुस्तकात सुई तशीच अडकून राहिली होती. चौथ्या फर्म्याची, म्हणजे एकत्र दुमडून शिवायच्या पानांच्या जुडीची, शिवण अर्ध्यावर थांबली होती आणि मेण लावलेला दोरा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. दफनविधीच्या वेळी न आलेले रडू मला त्या दोऱ्याकडे पाहून आले.

त्याच्या आजारपणाविषयी मी इथे फार लिहिणार नाही. ते चार महिने चालले आणि एका पहाटे संपले.

पुढच्या दिवसांत सांत्वनासाठी येणाऱ्यांनी जे बोलायचे ते सारे प्रेमानेच बोलले, आणि तरीही त्यातले काही मला आजवर पचलेले नाही. 'तो प्रभूत निजला' हे मी आनंदाने स्वीकारले, कारण तो शब्द फार जुना आणि फार धीराचा आहे. ग्रीक बोलणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या दफनभूमीला जे नाव दिले त्याचा मूळ अर्थ 'निजण्याची जागा' असाच होता, आणि निजलेल्या माणसाला कोणीतरी उठवणार आहे हे त्या नावातच गृहीत धरलेले होते. 'देवाला तो हवा होता' हे वाक्य मात्र मला कधीच मान्य झाले नाही. ज्याच्याजवळ सारे काही आहे त्याने माझ्याजवळचा एकुलता एक भाऊ हवासा वाटून उचलून न्यावा, असा देव मी शास्त्रात तरी वाचलेला नाही. तिसरे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू आले: 'आपण आशा नसलेल्यांसारखे रडायचे नसते.' हे वाक्य बोलले जाई त्या क्षणी खोलीतले सगळे डोळे माझ्या डोळ्यांकडे वळत आणि मी पदराने ते कोरडे करून घेई.

हे वाक्य जिथून आले ते पत्र प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला साधारण इ. स. ५० च्या सुमारास लिहिले, आणि नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. मंडळी नवी होती, छळ सोसत होती, आणि प्रभू लवकरच येणार या अपेक्षेने दिवस काढत होती. अशा वेळी त्यांच्यातली काही माणसे वारली. मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला की जे आधीच गेले ते प्रभूच्या येण्याला मुकले की काय. पौल त्यांना लिहितो की 'ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा तुम्ही खेद करू नये'. मी हे वाक्य त्या महिन्यात किती वेळा वाचले असेल कोण जाणे. साऱ्या वाक्याचा भार 'सारखा' या एका शब्दावर आहे. खेद करू नये असे पौल म्हणत नाही. तो खेदाची जात वेगळी आहे असे म्हणतो. त्या परिच्छेदाचा शेवट 'या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा' या आज्ञेने होतो, आणि जिथे कोणी रडतच नाही तिथे सांत्वनाची आज्ञा देण्याचे कारण काय?

ही गल्लत आजची नाही. थोर ख्रिस्ती लेखक संत ऑगस्टीन याची आई मोनिका ३८७ साली ओस्टिया येथे वारली तेव्हा तो वयाच्या तेहतिसाव्या वर्षात होता. त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा आजी गेल्याबरोबर मोठ्याने रडू लागला, आणि जवळच्या सर्वांनी त्याला गप्प केले, कारण विश्वासात मेलेल्या बाईसाठी आक्रोश शोभत नाही असे त्यांना वाटले. ऑगस्टीननेही आपले डोळे दिवसभर निग्रहाने कोरडे ठेवले. मन हलके होईल म्हणून तो स्नानालाही गेला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर एकांतात, देवासमोर, त्याने अखेर अश्रूंना वाट दिली. आणि पुढे हे सारे लिहून ठेवताना, तासाचा थोडासा भाग मी आईसाठी रडलो याबद्दल कोणाला मला दोष द्यायचा असेल तर त्याने हसण्याऐवजी माझ्यासाठी रडावे, असे तो म्हणाला. इतक्या थोर माणसाला थोडा वेळ रडल्याची कैफियत द्यावी लागली. मला त्याच्यापेक्षा त्या गप्प केलेल्या मुलाचीच आठवण अधिक येते.

दादाचे स्वतःचे शास्त्र त्याच्या उशाशी असे. ते मी बऱ्याच दिवसांनी उघडले. त्याला ओळींखाली रेघा ओढायची सवय नव्हती. देवाच्या वचनातले अधिक महत्त्वाचे कोणते आणि कमी महत्त्वाचे कोणते हे ठरवणारा मी कोण, असे तो थट्टेने म्हणे. म्हणून साऱ्या ग्रंथात मला पेन्सिलीची एकच खूण सापडली तेव्हा मी थबकले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, समासात, एक लहानसे प्रश्नचिन्ह होते. लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळतो, येशूचे लाजर आणि त्याच्या बहिणी मार्था व मरीया या तिघा भावंडांवर प्रेम होते असे लेखक मुद्दाम सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की तरीही तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. प्रश्नचिन्ह त्या दोन दिवसांसमोर होते.

दादाने ते कधी काढले असेल? पेन्सिलीच्या शिसावरून वय सांगता येत नाही. आमचे वडील गेले तेव्हा तो विशीत होता. कदाचित तेव्हाचे असेल, कदाचित शेवटच्या चार महिन्यांतले. ज्या माणसाला मी आयुष्यभर अढळ विश्वासाचा समजत आले, त्याने हा प्रश्न विचारून ठेवला होता, आणि उत्तर सापडल्याची खूण कुठेही नव्हती. मला त्याचा आधार वाटला हे सांगितले तर काहींना विचित्र वाटेल. पण माझाही प्रश्न तोच होता आणि तो विचारायला मी घाबरत होते.

त्या अध्यायापाशी मी पुढे कित्येक आठवडे थांबून राहिले. येशू पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आधी मार्था त्याला गाठते आणि म्हणते, 'प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' थोड्या वेळाने मरीया येते आणि तेच म्हणते, जवळजवळ शब्दाला शब्द. त्या चार दिवसांत दोघी बहिणींनी घरात एकमेकींना हे वाक्य किती वेळा ऐकवले असेल, याची कल्पना ज्याच्या घरातून माणूस गेले आहे त्यालाच येईल. तक्रार एकच, पण तिला मिळालेली उत्तरे दोन आहेत. मार्थेला तो शब्द देतो: 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे.' मरीयेला तो काहीच सांगत नाही, तिच्याबरोबर रडतो. मार्थेला रडणे आणि मरीयेला शब्द मिळाला असता तर काय झाले असते, असा एक निरर्थक विचार माझ्या मनात येऊन गेला. मला स्वतःला कधी मार्थेचा वाटा हवा असे, कधी मरीयेचा, आणि भेटायला येणारी माणसे बहुधा नेमकी उलटा वाटा घेऊन येत.

रडण्यापूर्वी येशू खवळला, असेही तिथे लिहिले आहे. 'आत्म्यात खवळला' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यांच्यावरून कान घसरून जात असे. मुळात जो ग्रीक शब्द आहे तो संतापाने फुरफुरण्याचा आहे. अन्यत्र तो घोड्याच्या फुरफुरण्यासाठीही वापरलेला आढळतो. तो कोणावर संतापला यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी म्हणतात, भोवतालच्या लोकांच्या अविश्वासावर. कोणी म्हणतात, प्रत्यक्ष मृत्यूवर. मी विदुषी नाही, परंतु कबरेसमोर उभे राहून संतापणाऱ्या त्या माणसाकडे पाहताना मला दुसरा अर्थ खरा वाटतो. आणखी काही क्षणांत आपण लाजराला हाक मारून बाहेर काढणार हे त्याला ठाऊक होते. तरीही तो रडला आणि तरीही तो चिडला. शेवट ठाऊक असणाऱ्यालाही जर मधले दुःख खोटे वाटले नाही, तर शेवटावर केवळ विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारखीला ते खोटे का वाटावे?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुनरुत्थानाच्या आशेविषयी बोलताना लाजराचे उदाहरण फार सहज दिले जाते. लाजर पुन्हा मेला असणार. शास्त्र त्याविषयी गप्प आहे, पण तो आज कुठे जिवंत नाही; म्हणजे त्या दोघी बहिणींना, किंवा मागे राहिलेल्या कोणाला तरी, तोच खेद दुसऱ्यांदा करावा लागला असणार. ख्रिस्ती आशा ही लाजराच्या परत येण्यासारखी आशा नाही. दादा परत यावा आणि अर्धी शिवण पुरी करावी, असे मला पहिल्या महिन्यात रोज वाटे, आणि ती आशा नव्हती, हट्ट होता. ज्याला पौल आशा म्हणतो ती ख्रिस्ताच्या उठण्यावर उभी आहे, ज्याला पुन्हा मरण नाही. करिंथकरांना लिहिताना तो ख्रिस्ताला 'प्रथमफळ' म्हणतो, म्हणजे पिकातले पहिले कणीस. ते हाती आले की उरलेले शेत पिकणार याची खात्री पटते, जरी ते अजून हिरवे उभे असले तरी. आणि त्याच अध्यायात तो मृत्यूला शत्रू म्हणतो, नाहीसा केला जाणारा शेवटचा शत्रू. मित्र नव्हे, देवदूत नव्हे, सुटका नव्हे. मला या शब्दाने जितका दिलासा दिला तितका 'चांगले झाले, सुटला' या वाक्याने दिला नाही.

हा अध्याय, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला पंधरावा, पुनरुत्थानाविषयी पौलाने केलेले सर्वांत विस्तृत विवेचन आहे. त्याची अठ्ठावन्न वचने आहेत, आणि अंत्यविधीच्या वेळी सत्तावन्नपर्यंत वाचून बहुतेकदा थांबतात, कारण तिथे मृत्यूवरच्या विजयाबद्दल देवाची स्तुती आहे आणि थांबायला ती जागा सुंदर आहे. पण पौल तिथे थांबत नाही. मृत्यू, तुझा विजय कोठे, असे विचारून झाल्यावर, शेवटचा कर्णा वाजून झाल्यावर, तो खाली उतरतो आणि म्हणतो की म्हणून प्रभूच्या कामात तत्पर असा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. म्हणून! इतक्या उंचीवरून आलेले 'म्हणून' श्रमांपाशी येऊन टेकावे, याचे मला पहिल्यांदा थोडे वाईटच वाटले. पुढे काय आहे ते अधिक सांगायचे सोडून हा कामाला कुठे लावतो?

याच सुमारास माझ्या मनातल्या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या. तोवर मी दादाच्या मृत्यूचा हेतू शोधत होते: तो का गेला, आता का गेला, त्यातून देवाला काय साधायचे होते. जुन्या करारातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले, तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र साऱ्या शास्त्रात नाहीत. कारणे सांगू लागले तिथे ते बिघडले, आणि अखेरीस देवानेच त्यांना सुनावले की माझ्याविषयी योग्य ते बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. ईयोबाने तर बहुतांशी तक्रारच केली होती. मृत्यूचा हेतू मला सापडला नाही आणि आता मी तो शोधतही नाही. मृत्यूनंतर मागे राहिलेल्याचा हेतू ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती शोधावी लागली नाही. ती टेबलावर नऊ पुस्तकांच्या रूपाने पडून होती.

मला शिवता येत होते ते कापडावर. कागदाच्या घडीत सुई घालताना ती जरा तिरकी गेली तरी पान फाटते. पहिल्या पुस्तकाचा कणा मी इतका घट्ट आवळला की ते उघडेना, दुसऱ्याला खळ जास्त झाली आणि पाने लाटांसारखी वर आली. दादा हसला असता. तिसऱ्यापासून हात बसू लागला. काही संध्याकाळी मात्र दोन टाके घालून मी उठून जाई, कारण दोऱ्याच्या रिळावर त्याने गुंडाळलेला थर संपत आला होता आणि त्याखाली काय आहे ते मला पाहायचे नव्हते.

पुस्तके परत द्यायला मी स्वतः गेले. प्रेषितांच्या कृत्यांत टबीथा नावाच्या शिष्येची गोष्ट आहे. ती यापो येथे वारली तेव्हा पेत्राला बोलावून आणले गेले, आणि तो माडीवर गेला तेव्हा साऱ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि टबीथाने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिचे गुणवर्णन कोणी केले नाही. कपडे पुढे धरले. पहिल्याच घरी मला ही गोष्ट आठवली, कारण मी दिलेले पुस्तक बाजूला ठेवून त्या घरच्या बाई आत गेल्या आणि दादाने सहा वर्षांपूर्वी शिवून दिलेले दुसरे पुस्तक घेऊन बाहेर आल्या. त्याचा कणा त्यांनी मला बोटाने चाचपून पाहायला लावला.

चौथ्या घरी मला जे कळले ते मात्र मला ठाऊक नव्हते. त्या गृहस्थांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. त्या संध्याकाळी दादा त्यांच्याकडे गेला होता आणि एका कोपऱ्यात गप्प बसला होता. निघताना त्याने कपाटातले मुलाचे गीतांचे पुस्तक काढून हातात घेतले, बांधणी सैल झाली आहे म्हणाला, आणि आठ दिवसांनी परत आणून देतो असे सांगून घेऊन गेला. आठव्या दिवशी तो पुस्तक घेऊन आला तेव्हा घरात दुसरे कोणी आले नव्हते. सांत्वनाला येणाऱ्यांची गर्दी तोवर ओसरली होती. तो दोन तास बसला. 'बांधणी तशी ठीकच होती हो,' ते गृहस्थ म्हणाले, 'नंतर मला कळले.' मग मी उरलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, आणि नऊपैकी सहा पुस्तके अशाच घरांतून आलेली होती.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही, पण या दिवसांत मी ती नव्याने वाचली. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य १०-११ अध्यायांवर थांबलेले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचून ते पुरे केले. मला त्यात त्यांची प्रतिभा दिसते हे खरेच. पण त्याहून अधिक दिसते ती रोज उठून नवऱ्याच्या अर्धवट ओळीशेजारी बसण्याची तयारी. त्या ओळीशेजारी बसताना तो माणूस नाही हे दर वेळी नव्याने कळत असणार. काम केल्याने दुःख कमी होते असे म्हणतात, माझा अनुभव तसा नाही. दुःख तितकेच राहिले; त्याला हात मिळाले, एवढेच.

आता माझ्याकडेही चिठ्ठ्या आहेत, माझ्या अक्षरातल्या. एखाद्या घरी गेल्यावर काय बोलावे हे मला अजूनही सुचत नाही, आणि मी ते सुचवून घेण्याचा प्रयत्नही सोडला आहे. मी पुस्तक मागून घेते. उपासनेत काही गीते मला अजून गाता येत नाहीत. शेजारची माणसे गातात आणि मी उभी राहते. ८८वे स्तोत्र अंधारावरच संपते, त्याला उजेडाची ओळ कोणी जोडली नाही, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, याचे मला त्या वेळी बरे वाटते.

दादाचे शास्त्र मी सर्वांत शेवटी हाती घेतले. त्याचा कणा त्याच्या हयातीतच सुटला होता. इतरांची शिवता शिवता त्याचे राहून गेले. ते उसवायला मला पंधरा दिवस धीर होईना. दोरे कापले, फर्मे वेगळे केले, आणि योहानाचा फर्मा उलगडला. ज्याने पुस्तक कधी उसवलेले नाही त्याला हे लक्षात येणार नाही, पण शिवलेल्या पुस्तकात प्रत्येक पानाचे एक जोडपान असते. वाचताना दोघांमध्ये बरीच पाने येतात, आणि कागद मात्र एकच असतो, मध्ये दुमडलेला. प्रश्नचिन्हाचे पान मी हळूच बाहेर काढले आणि पूर्ण पसरले. त्याच कागदाच्या दुसऱ्या अर्ध्यावर विसावा अध्याय होता. रिकाम्या कबरेबाहेर मरीया मग्दालीया रडत उभी होती, समोर उभ्या असलेल्या येशूला माळी समजत होती, आणि तो तिला नावाने हाक मारत होता.

मी खोडरबर जवळ ठेवले होते, दुरुस्तीच्या वेळी समासातल्या जुन्या खुणा पुसायची दादाची पद्धत होती म्हणून. ते मी खणात परत टाकले. कागद मधल्या घडीवर दुमडून फर्म्यात त्याच्या जागी ठेवला, दोऱ्याला मेण लावले आणि घडीतून सुई घातली.